काकपद

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार

आज कामावर रुजू झाले! मरोळ गावठाणातलं मिस्किटा सरांचं घर शोधायला मुळीच त्रास पडला नाही. अंधेरीहून बसने आले, उतरून एका कोळणीला विचारलं. तिने डोक्यावरची टोपली न उतरवता हनुवटीनेच दिशा दाखवली आणि वर विचारलं की त्या बुकवाल्याकडे कुणी जातं होय. फाटकाला कडी नव्हती, ढकललं की उघडलं. आत जांभळीची दोन झाडं, जुळ्या बहिणींसारखी, आणि त्यांच्या मधोमध गावाने प्लेगच्या साली उभारलेला दगडी क्रूस. पायाशी मेणबत्त्यांच्या मेणाचे थर. ओट्यावर सरांची विधवा बहीण कतरीनबाय तांदूळ निवडत बसली होती. मी नाव सांगितलं, जानकी परब. ती म्हणाली, खुद्द सीतामाय नोकरीला आली म्हटल्यावर धनुष्य कुठे टांगू गो? मला हसू आलं आणि पोटातली भीती गेली.

सर सत्तरीचे आहेत. तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते, अर्ध्यातून परत आले आणि तीस वर्षं कॉलेजात लॅटिन शिकवलं. आता एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि अक्षर तर खेकडा चालून गेल्यासारखं. त्यांच्याकडे एका ग्रीक हस्तलिखिताच्या फोटोंचा गठ्ठा आहे. बायझंटाइन साम्राज्यातल्या कुठल्याशा मठात नऊशे वर्षांपूर्वी एका साधूने ते उतरवलं. मूळ भाष्यकार त्याहून पुष्कळ जुना, त्याचं नाव कुणाला माहीत नाही. बायबलातल्या एकाच वचनावरचं हे भाष्य सर मराठीत आणत आहेत. त्यांचा खर्डा वाचून मी छापखान्यासाठी सुवाच्य प्रत करायची. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या साधूचं लिहिणं माझ्या हातून पुढे जाणार! मी संस्कृत घेऊन बी.ए. झाले तेव्हा चाळीत सगळ्यांनी विचारलं होतं की त्याचा उपयोग काय. हा उपयोग.

घरी परत येताना एक निश्चय केला. या शंभर पानी वहीत रोज लिहायचं, आणि घरातल्या प्रत्येकाची एक ओळ लिहायचीच. आमच्यापैकी कुणाबद्दल आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. आबांचा तर जन्मदाखलाही नाही.

आई: इतक्या शिकलंस आणि चललंस खंय तर पाद्र्याच्या घराक, म्हणाली. पण डबा स्वतः भरला, वर खोबऱ्याची वडी.

आबा: हात गेल्यापासून गिरणी सुटली, आता कारखान्याच्या फाटकावर बसतात. सबंध चाळीला सांगून आले की आमचं चेडू ग्रंथ लिहितं.

सुगंधा: माझी धाकटी बहीण. सोळा वर्षांची, यंदा मॅट्रिक. पहाटे आरेच्या दूध केंद्रावरून दोन बाटल्या आणते आणि एकही फुटली नाही म्हणून स्वतःच टाळ्या वाजवते. उजव्या भुवईत एक तुटकी रेघ आहे, लहानपणी पाळण्यातून मीच पाडली होती. मला 'बीएबाई' म्हणते. तिलाही कॉलेजात जायचं आहे. बीएबाई, तू पायरी घातलीस, आता मी जिना चढणार, म्हणाली.

६ नोव्हेंबर, बुधवार

सरांनी आज शिकवणीच घेतली. जुन्या ख्रिस्ती पंडितांत अर्थ लावायच्या दोन रीती होत्या. अलेक्झांड्रियाचे म्हणत, शब्दाच्या आड दुसरा अर्थ दडलेला असतो, तो शोधा. अंत्युखियाचे म्हणत, आधी जे लिहिलंय ते वाचा. सर स्वतःला अंत्युखियाचे म्हणवतात. आपल्याकडचे लोक वाचायच्या आधीच अर्थ लावतात, असं कुरकुरले.

आमचं वचन असं. लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं आणि देव संतापला. तेव्हा मोशे मध्ये पडतो आणि देवाला सांगतो की यांना क्षमा कर, नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून मला खोडून टाक. ते पुस्तक म्हणजे जिवंतांच्या नावांचं. लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले. सर म्हणाले, रडायचं तर खिडकीशी जाऊन रड, शाई फुटेल.

मग त्यांनी नकलनवीसाची सगळ्यात जुनी चूक समजावून सांगितली. तिला ते उडी म्हणतात. दोन ओळी एकाच शब्दावर संपत असल्या की लिहिणारा पहिली ओळ उतरवतो, दौतीकडे वळतो, परत पाहतो तेव्हा त्याची नजर दुसरीवर पडते. मधलं सगळं गळून जातं. बहुतेक वेळा उरलेलं वाक्य नीट लागतं, म्हणून कुणाला कळतही नाही. ही अडाण्याची चूक नव्हे, दमलेल्याची. म्हणून जुने लोक ओळी मोजायचे आणि ग्रंथाच्या शेवटी आकडा लिहायचे. गळलेलं सापडलं तर त्या जागी ^ अशी खूण करून मजकूर समासात लिहायचे. मी सांगितलं की आमच्या संस्कृत पोथ्यांतही हीच खूण असते, कावळ्याच्या पायासारखी दिसते म्हणून तिला काकपद म्हणतात. सर इतके खूश झाले की कतरीनबायला हाक मारून त्यांनी पुन्हा चहा करायला लावला. ती पुटपुटली की कावळ्याच्या पायावर अर्धा शेर साखर गेली.

आई: डाळ करपली, दोष चुलीला दिला.

आबा: शेजारच्या लवूकाकांना माझी वही उघडून दाखवली. दोघांनाही वाचता येत नाही. अक्षर झकास आहे, असं दोघांचं मत पडलं.

सुगंधा: तिला काकपद शिकवलं. तिने लगेच माझ्या कपाळावर काजळाने एक काढलं आणि म्हणाली, हिच्या डोक्यात काहीतरी गळलंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काम वाटलं त्याहून जड आहे. खर्ड्याची तीन पानं लावायला सकाळ जाते. पाठ धरते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

आज भाष्याचा गाभा आला. भाष्यकार म्हणतो, देव कुणाचंही नाव खोडत नाही, खोडणं देवाला शोभत नाही. पण ते पुस्तक देव स्वतः लिहीत नाही. रोज पहाटे एक देवदूत कालच्या पानावरून आजचं पान उतरवतो. ज्यांचे दिवस एकसारखे, त्यांच्या ओळी एकसारख्या. आणि देवदूतही दमतो.

पुढे आणखी एक ओळ आहे: जो हे उतरवतो त्याचा हात त्या देवदूताच्या हाताला जोडला जातो.

मी विचारलं, सर, हे कसं घ्यायचं? ते म्हणाले, लेखनिकांची बढाई आहे, ही ओळ रूपक म्हणून वाचायची. मी म्हटलं, पण तुम्ही तर अंत्युखियाचे. ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला तो बराच वेळ थांबला नाही.

आई: गुडघे दुखतात. आबा: दिवसपाळी. सुगंधा: गणितात नापास होणार म्हणाली, बेचाळीस मिळाले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बस चुकली, चालत गेले. आल्या आल्या पान पुढ्यात.

आज एक विचित्र गोष्ट दिसली. मी एकशेचव्वेचाळिसाव्या पानापासून सुरुवात केली होती, त्याआधीची पानं कधी पाहिली नव्हती. ती सगळी एका सुंदर, किंचित मागे झुकलेल्या बायकी अक्षरात आहेत. सरांना विचारलं की माझ्याआधी कोण होतं. ते म्हणाले, कुणी नव्हतं, सगळं मीच केलं. त्यांचं ते खेकडा अक्षर! मी कतरीनबायला विचारलं, तर तीही म्हणाली की तूच पहिली गो. पण ती रोज चार कप भरते. तिचा, सरांचा, माझा. चौथा निवला की तुळशीला पाणी घालावं तसा झाडाला ओतते. कुणाचा, विचारलं तर म्हणाली, हात भरतो, मी काय करू.

एकशेत्रेचाळिसाव्या पानाच्या तळाशी एक काकपद आहे. समासात मात्र काही नाही. नुसती खूण.

फाटकातून आत आलं की एक जांभळ, मग दुसरी जांभळ, मग ओटा. एवढंच चालायचं असतं, पण आज तेही लांब वाटलं.

आई, आबा: कालच्यासारखं. सुगंधा: संस्कृत धडा घ्यायचा होता. दमले होते, म्हटलं उद्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी निघताना कतरीनबाय पेटलेली मेणबत्ती घेऊन अंगणात आली. दोन जांभळींच्या मधे उभी राहिली. खाली मोकळी माती आहे आणि मातीवर मेणाचे जुने थर आहेत. कशाला सांडलं असेल कोण जाणे. मग फुंकर मारून आत गेली. मी विचारलं तर म्हणाली, काहीतरी करायला आले होते, आठवेना.

म्हातारपण.

आई, आबा: वरीलप्रमाणे. सुगंधा: निबंध दाखवायचा होता. उद्या.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज नऊ पानं झाली. आकडे जुळेनात म्हणून सरांनी पुन्हा मोजायला लावलं. एके ठिकाणी मी उडी मारली होती. सर रागावले नाहीत. म्हणाले, सगळेच मारतात, वेळेवर सापडलं म्हणजे झालं.

घरी आले तेव्हा सुगंधा जमिनीवर पुस्तक उघडून माझी वाट बघत होती. मी साडीही न बदलता आडवी झाले. बीएबाई, आज तरी, म्हणाली. बाई, तुझा जिना राहिला बाजूला, मला उठवून बसव आधी, असं म्हटल्याचं आठवतं. तिने माझे पाय चेपले. मी झोपेत होते.

आई: वरीलप्रमाणे. आबा: वरीलप्रमाणे. सुगंधा: उद्या.

३ डिसेंबर, मंगळवार

डोळे सुजले आहेत.

आई: वरीलप्रमाणे. आबा: वरीलप्रमाणे.

५ डिसेंबर, गुरुवार

आज घरी जरा गंमत झाली. आईने चार ताटं मांडली. आम्ही तिघं बसलो, तर ती चौथ्यावर भात वाढायला निघाली. आबा म्हणाले, कोणाक जेवूक बोलावलंस? आई हसली, पण ताट उचलताना तिचा हात थांबला.

सकाळी दूध केंद्रावर तिचा वाद झाला. तिथली मुलगी म्हणते, कार्डावर दोन बाटल्या लिहिल्या आहेत. आई म्हणते, आम्ही तीन माणसां, दोन कोण पितलो? एक परत केली. कार्ड चुकीचं असणार. सरकारी काम.

मला फार शांत झोप लागली. मधे कुणीतरी पाय चेपतंय असं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

ट्रंकेच्या तळाशी एक निळा परकर सापडला. मला आखूड होतो. आई म्हणाली, कोणी शेजारणीचा राहिला असेल. मग तोच परकर तिने दिवसभर खांद्यावर टाकून ठेवला. कांदा चिरताना रडली. कांदा चिरून झाल्यावरही रडत होती. का, विचारलं तर म्हणाली, माका खबर नाय.

मॅट्रिकचं गणिताचं पुस्तक मिळालं, बदामी कागदाचं कव्हर घातलेलं. माझं नव्हे. माझ्या वेळचं पुस्तक वेगळं होतं. आतल्या पानावर काजळाने काढलेली एक खूण आहे. ^

दमायला होतं. मला वाटतं हे सगळं दमण्यामुळे आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

सरांनी विचारलं की मी कामाला कधी लागले, त्यांना प्रस्तावनेत तारीख घालायची होती. म्हणून ही वही पहिल्या पानापासून उघडली.

या वहीत माझ्या अक्षरात एक सुगंधा आहे.

माझी धाकटी बहीण, असं मी लिहिलं आहे. सोळा वर्षांची. भुवईत तुटकी रेघ, मी पाडलेली. मला बीएबाई म्हणते. मी हे सगळं तीन वेळा वाचलं. शाई माझी, अक्षर माझं, र ची गाठ माझी. मला बहीण नाही. मला कधीच बहीण नव्हती.

आणि जांभळींच्या मधे क्रूस होता असंही लिहिलं आहे. मी अंगणात गेले. मेणाचे थर चौकोनी जागेच्या भोवती आहेत. चौकोन रिकामा आहे. आणि एकवीस नोव्हेंबरला मी लिहिलं आहे: एक जांभळ, मग दुसरी जांभळ, मग ओटा.

तीस नोव्हेंबर: सुगंधा, उद्या. सव्वीस नोव्हेंबर: सुगंधा, उद्या. एकवीस: उद्या. आणि तीन डिसेंबरपासून ते नाव नाही.

एकाच शब्दावर संपणाऱ्या ओळी.

मीच मारली ती उडी.

१८ डिसेंबर, बुधवार

घरी विचारलं. आईच्या हातातला चमचा पडला, पण ती म्हणाली की आपल्याला तूच एकटी. आबा म्हणाले, वाचून वाचून चेडवाचं डोकं फिरलं, मी म्हटलंच होतं. त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

सरांना वही दाखवली. त्यांनी भिंग लावून सावकाश वाचली. मग म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण गोष्टी लिहायच्या तर त्या घरी लिहाव्यात. मी एकशेत्रेचाळिसावं पान पुढे केलं. हे अक्षर कुणाचं? माझंच, म्हणाले. मग मी त्यांना त्याच अक्षरात एक ओळ लिहून दाखवायला सांगितलं. त्यांनी टाक उचलला. बराच वेळ तसाच धरून बसले. खाली ठेवला आणि मला घरी जायला सांगितलं.

कतरीनबाय फाटकापर्यंत आली. जांभळींमधल्या रिकाम्या चौकोनाला ती हल्ली वळसा घालून जाते. मला हळूच म्हणाली की चौथा कप भरताना तिच्या ओठावर एक नाव येतं, माणिक, आणि तिच्या माहितीत या नावाचं कुणीच नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

गेले तरीही. खर्ड्याची शेवटची पानं वाचायचीच होती. सर झोपले होते, त्यांना ताप आहे.

भाष्यकार लिहितो: गळलेली ओळ परत घेता येते. काकपद काढावं, समासात ती लिहावी, पण मनाची भर घालू नये, आधी जशी होती तशीच. मात्र पानाच्या ओळी मोजलेल्या आहेत. आकडा बदलत नाही. एक ओळ आत आली की एक बाहेर जाते. मोशेला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

मी हे रूपक म्हणून वाचायचा प्रयत्न केला.

आधी जे लिहिलंय ते वाच.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून वही उघडी आहे. काही केलं नाही.

मला ती आठवत नाही. हेच सगळ्यात वाईट. आठवत असती तर सोपं गेलं असतं. एका अनोळखी मुलीसाठी— पण ती अनोळखी मीच केली. पाय चेपत होती आणि मी उद्या म्हटलं.

घरी आई तो निळा परकर उशाशी घेते.

आकडा तीन. आई, आबा, आणि मी.

खरं सांगायचं तर एवढी भीतीही वाटत नाही. फार दमले आहे. गळून जाणं म्हणजे नुसतं आडवं होणं असेल तर— नाही, हे लिहू नये. असंच लिहून होतं.

२१ डिसेंबर, शनिवार

दुपारी, सरांच्या टेबलावर, उजेडात केलं. तीन डिसेंबरच्या नोंदीत 'आबा: वरीलप्रमाणे' नंतर काकपद. समासात तिच्या सगळ्या ओळी, चार नोव्हेंबरपासून, एक शब्दही न बदलता. दूध, बाटल्या, टाळ्या. भुवई. बीएबाई. जिना. बेचाळीस गुण. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. उडी होऊ दिली नाही.

'उद्या' आला तिथे हात थांबला. तोही उतरवला. जसा होता तसा.

मग मोजलं. बरोबर.

सरांना सांगितलं, सोमवारी येते. त्यांनी पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं. आणि विचारलं की मी कुणाकडे आले आहे.

२२ डिसेंबर, रविवार

पहाटे खिडकीत दोन बाटल्या.

मग टाळ्यांचा आवाज.

मी रात्रभर चाळीच्या जिन्यात होते, आत जाववलं नाही. पाहिलं फटीतून— भुवईत रेघ आहे. आहे! आई तिला शिव्या देत होती दार जोरात आपटलं म्हणून, आणि आईचा आवाज किती तरुण होता—

दार वाजवलं. आईनेच उघडलं.

कोणाक शोधतंस गो, बाय?

मागे तीन ताटं.

सुगंधा पुढे आली, दमलेली दिसतेस म्हणाली, पाणी दिलं. मी प्यायले. तिने पेला परत घेताना माझ्या कपाळाकडे पाहिलं, पुसल्यासारखा हात केला— आणि थांबली.

काजळ लागलंय, म्हणाली.

२३ डिसेंबर

मरोळला गेले. फाटक ढकललं तर उघडलं नाही. ढकललं— माझ्या हाताला जोर नाही की हात—

कतरीनबाय ओट्यावर होती. चार कप भरले तिने. दोन झाडाला ओतले.

शाई फिकी उमटते आहे.

तारीख माहीत नाही

सुगंधा, ही वही उद्या पहाटे दूध केंद्राच्या खिडकीत ठेवणार आहे, तू कार्ड पुढे करतेस तिथे. तू उचलशील. तू सगळं उचलून वाचतेस असं मी लिहिलेलं नाही, पण मला वाटतं.

वाच. पण उतरवू नकोस. एकही ओळ नको— समासात काही लिहू नकोस. आकडा तीन आहे. आई आबा तू. आत कुणी आलं की—

कॉलेजात जा. रोज वेगळा दिवस जग. कुणालाच उद्या म्हणू नकोस.

कुठे रिकामी खूण दिसली तर हात लावू नकोस गं. मी ती काढणार नाही. त्या आधीच्या बाईनेही नसेल काढली, ती आपोआप— हातच—

मला नाव नको. खरंच नको. फक्त तू एकदा बीएबाई म्हण, कुणाला उद्देशून ते कळलं नाही तरी. तेवढं पुरे. बाकी माझं नाव ^